पहिला हात पातळ

“दादा, तू वार्निशात भेसळ करतोस!”

धाकट्या भावाचे, सांडूचे हे शब्द कानी पडले आणि पुंजारामचा घास हातातच राहिला... आईमागं ज्याला कडेवर वाढवलं, ज्याच्या लग्नापायी आपली सायकल विकली, त्यानंच चोर म्हणावं! आणि कशावरून? नाथसागरात चालणाऱ्या होडीची बसायची फळी रंगवताना, पहिला हात लाकडात मुरावा म्हणून वार्निशात निम्मं टर्पेंटाइन घातलं, यावरून!

“होडीवाल्या कमरोद्दीनभाईंनी डबा भरून वार्निश दिलं होतं. उरलेलं कुठं विकणार हाईस?”

उरलेलं शेवटच्या हातासाठी कोनाड्यात झाकून ठेवलं होतं. पण दुखावलेल्या काळजानं खुलासे का द्यावेत? “आजपास्नं मी ब्रशाला शिवणार नाय!” म्हणत पुंजाराम आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून निजला. बायकोनं, आशाबाईनं नेऊन दिलेल्या तीन भाकरी त्यानं भिंतीकडं तोंड करूनच खाल्ल्या.

इकडं सांडूनं तो पातळ हात पुसून काढला आणि घट्ट वार्निशाचे तीन हात एका दिवसात चढवले. फळी अशी झळकली की गुलमंडीच्या बाजारातले दुकानदार बघून गेले.

पाचव्या दिवशी कमरोद्दीनभाई पैठणहून आले. “सूखी क्या, मियाँ?”

“बसूनच दाखवतो की!” सांडू नव्या टेरिकॉटच्या पँटीत ऐटीत बसला. उठायला गेला... उठवेना! वरून झळकणारं घट्ट वार्निश आत ओलंच होतं. अब्रूपायी तो तसाच गप्पा मारत राहिला. भाईंचे दोन चहा झाले. शेवटी त्याचा धीर सुटला.

“दादा...!”

ती आर्त हाक! पुंजारामचा सगळा रुसवा विरघळला. टर्पेंटाइनची बाटली घेऊन तो धावत बाहेर आला, फळी बघून मात्र थबकला.

“ही भेसळ हाय बरं का. घालू?”

“घाल दादा, अख्खी बाटली घाल! भाईंसमोर सांगतो, चोर तू नाय... माझीच अक्कल गेली होती!” सांडूला हुंदका आवरेना.

पँटीचा निम्मा भाग फळीवरच राहिला. पुंजारामनं आपला पंचा भावाच्या कमरेला गुंडाळला आणि भरले डोळे पुसायला नेमकं टर्पेंटाइनचं फडकं उचललं!

“दादा, रडू नको रं!”

“रडत नाय, झोंबतंय! पाणी आण!”

सांडूनं पंचा सावरत तांब्याभर पाणी आणलं, स्वतःच्या हातानं दादाचे डोळे धुतले. आग कधीच थांबली. डोळे मात्र वाहतच राहिले. पुंजारामनं सगळा दोष टर्पेंटाइनलाच दिला.