जवळच्यांनी भाग घेऊ नये

"हात टेबलावर ठेवा. तळवा खाली. आता हलू नका."

ही तीन वाक्यं ती दिवसभरात इतक्या वेळा म्हणायची, की घरी आईने चहाचा कप पुढे केला तरी तोंडातून "हलू नका" निघायचं. एक्स-रे विभागातली नोकरी म्हणजे सगळं काम उभ्याने. संध्याकाळपर्यंत पायांचे नुसते तुकडे पडायचे. त्या दिवशी तर रांग हनुमानाच्या शेपटासारखी वाढतच चालली होती, आणि शेवटी आलेला पेशंट नेमका बडबड्या निघाला.

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस होता. उजवं मनगट सुजून टम्म झालेलं, पण जीभ ठणठणीत. कसं लागलं असं तिने सवयीने विचारलं आणि फसली. त्याने रामायणच सुरू केलं. तो पडला होता शिडीवरून, पण कामावर नव्हे, फोटोपायी. कुठल्याशा कॅमेरा क्लबची डिजिटल स्पर्धा होती. त्याने फोटो पाठवला, तर क्लबच्या सेक्रेटरीने तो परत पाठवला, का तर कोपऱ्यात त्याने आपलं नाव टाकलं होतं. नाव काढून पाठवला तर पुन्हा परत, का तर फाइल फार मोठी आहे. आता लहान फोटो काढायचा म्हणून बिचारा पुन्हा शिडीवरून लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला गेला, आणि पुढचं सगळं समोर सुजलेलं दिसतच होतं.

"काय खडूस बाई असेल हो," तो म्हणाला. "नुसते नियम. 'नमस्कार. आपली प्रवेशिका नियमात बसत नाही. कळावे.' नमस्कारसुद्धा असा, की अंगावर फेकून मारल्यासारखा."

ती काचेमागे गेली, बटण दाबलं, परत आली. त्याचा हात अलगद उचलून बाजूला ठेवताना म्हणाली, "फाइल लहान करायला फोटो परत काढावा लागत नाही. लांब बाजू सोळाशे पिक्सेल करायची, झालं. तिसऱ्या नियमात लिहिलंय."

तो बघतच राहिला. "म्हणजे... तुम्ही—"

"कळावे," ती म्हणाली आणि दाराबाहेरच्या लाल दिव्याचं बटण बंद केलं.

आता ही बाई सेक्रेटरी झाली कशी, तेही सांगून टाकतो. क्लबच्या सभेत 'कोण होतंय?' असं विचारल्यावर सगळ्यांनी एकदम मान खाली घातली, आणि ही इतकी दमली होती की मान खाली घालायची राहूनच गेली. तेव्हापासून गळ्यात पडलेलं ते पडलेलंच. स्वतः फोटो काढणं केव्हाच सुटलं होतं. नोकरी, घर, क्लब, आणि मग उशी. आईने लग्नाचं विचारणंही सोडून दिलं होतं. दमलेल्या माणसाला काय विचारायचं, असं तिला वाटत असावं.

दोन दिवसांनी हा पठ्ठ्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत हजर. क्लब तिथेच भरायचा. हाताला प्लास्टर, खिशात कॅमेऱ्याचं कार्ड, आणि चेहरा असा की जणू ओशाळलाय, पण तेवढा नाही. घरी कॉम्प्युटर नव्हता, आधीसारखं सायबर कॅफेत जावं तर उजवा हात नव्हता. तिने तो फोटो लहान करून द्यावा एवढीच विनंती होती. तिला ते करायला दोन मिनिटं लागली असती. पण चित्रावरचं सगळं काम स्पर्धकाने स्वतःच करायचं, दुसऱ्याचा हात लागला की चित्र बाद, हा नियम. आणि नियमाला ही बाई म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"डाव्या हाताने करा," तिने क्लबचा कॉम्प्युटर त्याच्यापुढे सरकवला. "मी शेजारी बसते. हात लावणार नाही."

मग रोज संध्याकाळी तो यायचा. लहान करता करता फोटोतला काळोख-उजेडही नीट करायचं त्याने मनावर घेतलं होतं. डाव्या हाताने माउस चालवणं म्हणजे ज्याचं त्यालाच माहीत. इकडे न्यावा तर बाण तिकडे पळायचा. एकदा तर सगळा फोटोच निळा झाला आणि का झाला ते कुणालाच कळलं नाही. ती शेजारच्या कॉम्प्युटरवर इतरांच्या प्रवेशिका तपासत बसायची आणि ओठ आवळून हसू दाबायची.

फोटो मात्र... परत पाठवताना तिने नुसता नियम पाहिला होता, इथे पहिल्याच दिवशी तो नीट पाहिला आणि ती हातातली तपासणी विसरली होती. लिफ्टच्या खोल विहिरीत तळाशी उभं राहून वर बघत काढलेला. सगळा काळोख, आणि प्रत्येक मजल्याच्या बंद दाराच्या फटीतून आत आलेली उजेडाची एकेक रेघ. दिवसभर लोकांची हाडं बघून आलेल्या तिच्या डोळ्यांना ते बघून काहीतरी विसावल्यासारखं झालं.

"आवडला?" त्याने विचारलं.

"सेक्रेटरीने मत द्यायचं नसतं."

"मग चेहरा जरा लपवत जा, सेक्रेटरीबाई."

ती चक्क लाजली. या वयात, या थकव्यात, प्लास्टर घातलेल्या माणसापुढे! स्वतःचाच तिला राग आला.

पहिल्या आलेल्या फोटोला वर्षभर वाचनालयाच्या दालनात लावायची पद्धत होती. त्याची आई रोज सकाळी तिथे वर्तमानपत्र वाचायला यायची. 'त्या अंधाऱ्या भोकात काय फोटो काढतोस मेल्या' असं तिचं म्हणणं. आपण काही न बोलता एक दिवस आईने मान वर करावी आणि समोर तो फोटो दिसावा, एवढीच त्याची हौस होती. हे सांगताना तो पहिल्यांदाच हळू बोलला.

एका संध्याकाळी तिचा डोळा लागला. टेबलावर डोकं टेकून जी झोपली ती झोपलीच. जाग आली तेव्हा तिच्या बाजूचा दिवा त्याने मालवलेला होता, माउसला हातही न लावता तो तसाच बसून होता. टिकटिक होऊ नये म्हणून.

"उठवायचं ना," ती गडबडून म्हणाली. "तुमचा वेळ गेला."

"जाऊ दे. तुम्हालाही कुणीतरी 'हलू नका' म्हणायला हवं की."

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. कित्येक वर्षांत तिला कुणी नुसतं झोपू दिलं नव्हतं. त्या क्षणी तिला कळून चुकलं, की हा माणूस आपल्याला आवडतो. नुसता आवडत नाही, उद्या आला नाही तर जड जाईल इतका आवडतो.

आणि नेमके दुसऱ्या दिवशी क्लबचे अध्यक्षकाका मध्येच टपकले. सगळा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेलेला, त्यामुळे दोन आणि दोन लगेच जुळवायची सवय. त्यांनी या दोघांकडे बघितलं, घसा खाकरला.

"ताई, विचारतो म्हणून राग मानू नका. कुठलं चित्र कुणाचं ते सेक्रेटरीला माहीत असतं. म्हणून तिच्या जवळच्यांनी स्पर्धेत भाग घेऊ नये, असा आपला नियम आहे. तेव्हा... हे तुमचे कोण?"

तिने पडद्याकडे बघितलं. फोटो तयार होता. इतक्या संध्याकाळी डाव्या हाताने घाम गाळून केलेला. एक शब्द वेगळा निघाला तर सगळ्यावर पाणी.

"कोणी नाही, काका," ती म्हणाली.

काकांनी मान डोलावली. त्याने प्रवेशिका भरली, खुर्ची नीट सरकवून ठेवली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्याचं काम झालं होतं, येणार तरी कशाला? ती स्वतःला हे समजावत होती आणि जिन्यावर पाऊल वाजलं की मान वळत होती. आपण त्याच्या भल्यासाठीच बोललो, असंही तिने मनाशी घोकलं. पण खरं सांगायचं तर निम्मं भीतीपोटी बोलली होती. 'कोणीतरी' म्हटलं की पुढे सगळं आलं, आणि तेवढी ताकद आपल्यात उरलीय का याचीच तिला खात्री नव्हती.

शेवटच्या दिवशी ती आणि काका यादी बंद करायला बसले, तेव्हा तो दारात उभा राहिला.

"माझी प्रवेशिका मागे घ्यायचीय," तो म्हणाला.

"वेड लागलंय का तुम्हाला?" ती उठलीच. "एवढे कष्ट केलेत... आणि तुमची आई?"

"आईला घरी दाखवीन. शिव्या घालेल, पण बघेल." मग तो थोडा थांबला. "तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठीच बोललात, कळतंय मला. पण ते 'कोणी नाही' काही गळ्याखाली उतरेना. कोणी नसताना भिंतीवर लागण्यापेक्षा... कोणीतरी असून बाद झालेलं मला परवडेल. अर्थात तुमच्या मनात तसं काही नसेल, तर राहू दे चित्र. मी निमूट जातो, पुन्हा विषय नाही."

काका चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता.

ती खुर्चीत बसली. पडद्यावर त्याचा फोटो उघडला, त्या उजेडाच्या रेघांकडे शेवटचं नीट बघितलं.  बाद करण्याआधी कुठलंही चित्र तिने आजवर इतका वेळ बघितलं नव्हतं.

"हा पहिला आला असता," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून आवडलाय मला. फोटोही... आणि तुम्हीही."

"सेक्रेटरीने मत द्यायचं नसतं ना?"

"आता देता येतं," ती म्हणाली आणि तिने प्रवेशिका काढून टाकली.

 तो आत आला, तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला, आणि प्लास्टरमधून बाहेर आलेली त्याची बोटं तिच्या हातापाशी येऊन टेकली. तिने हात मागे घेतला नाही. अंगातला शीण होता तसाच होता, पण आता तो एकटीने वाहायचा नव्हता.

काकांनी चष्मा चढवला, पेन उघडलं. ते शेवटी गणिताचे मास्तर, हिशेब अर्धा कसा सोडतील?

"बाद करण्याचं कारण, सेक्रेटरीच्या जवळचे," ते पुटपुटत लिहू लागले. "नातं काय लिहू, ताई?"

"सध्या जागा रिकामी ठेवा, काका," ती म्हणाली. "भरायला आम्ही दोघं येऊ."