गच्ची तलाव

हर्षालीनं काडेपेटी टेबलावर अशी आपटली की प्रयोगशाळेतले सगळे वळून बघायला लागले आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या इम्तियाजच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. तिनं पेटी उघडली. आत काहीच नव्हतं.

"ह्या वर्षीच्या काती," ती म्हणाली. "बघून घ्या."

आता हे कातींचं काय प्रकरण, तर चतुराचं, म्हणजे तळ्याकाठी भिरभिरणाऱ्या त्या चार पंखांच्या किड्याचं, पिल्लू पाण्यात वाढतं. तळाशी दबा धरून डासांच्या अळ्या खात राहतं, आणि मोठं झालं की एखाद्या पहाटे गवताच्या काडीवर चढतं. पाठ उकलते, आतून पंखवाला चतुर निघून जातो, काडीवर राहते ती रिकामी कात. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो. पण कात जिथे सापडली, तिथेच तो जन्मला. यात वादच नाही.

हर्षाली दिघोरे दरवर्षी चिंचबोडीच्या तलावावर काती वेचायची. तिचं आजोळ ते, भंडाऱ्याकडचं. ढिवरांची, म्हणजे मासेमारांची वस्ती, तलावात शिंगाडा, वस्तीचं सगळं पोट त्या पाण्यावर. मागच्या वर्षी एका कंपनीनं खास परवानगी काढून अर्ध्या तलावावर चाचणीसाठी सूर्यचादर पसरली. सूर्यचादर म्हणजे पाण्यावर तरंगणारी, उन्हाची वीज करणारी पातळ चादर. काळीभोर, आरशासारखी तुळतुळीत. त्यानंतर काती संपल्या आणि डास वाढले, इतके की मावशीच्या घरातली तीन माणसं तापानं एकाच वॉर्डात पोचली. दोघं घरी आली, धाकटी मंजिरी अजून सलाइनवर होती. सकाळीच मावशीचा फोन आला होता. "तुमी तिथं मोजता तरी काय वं?" एवढंच विचारलं तिनं आणि ठेवून दिला.

उद्या सुनावणी होती. उरलेल्या अर्ध्या तलावाची.

आणि सगळ्यात जास्त जाळणारी गोष्ट म्हणजे आकडा. राज्यातल्या प्रत्येक मोठ्या तलावाच्या काठावर एक पंखगणक उभा होता. खांब, त्यावर कॅमेरा. समोरून उडणारा चतुर कुठला, त्याची बारीक बहीण टाचणी कुठली, फुलपाखरू कुठलं, हे तो पंखांवरून ओळखून मोजायचा आणि तलावाची प्रत ठरवून अधिकाऱ्यांच्या फोनवर कळवायचा. 'उत्तम' मिळालेल्या तलावाला कायद्यानं हात लावता येत नसे. आणि चाचणीची चादर पडूनही तलाव 'उत्तम'च राहिला, तर चादर निर्धोक ठरायची. चिंचबोडीत चादर पडल्यावर चतुर दुपटीनं वाढले होते.

हर्षाली तरातरा डॉक्टर खानापूरकरांच्या खोलीत शिरली. पंखगणक त्यांचाच. त्यांनी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही.

"सर, चतुराला पाणी कळतं कसं?"

"परीक्षा घेतेस माझी? बरं. ध्रुवित प्रकाश. सपाट पाण्यावरून परतणारा उजेड आडव्या पातळीत थरथरतो. आपल्याला तो साध्या उजेडासारखाच दिसतो. चतुराचा डोळा मात्र त्यावरूनच पाणी ओळखतो."

"ओल नाही, वास नाही. फक्त तो आडवा उजेड. आणि काळा चकचकीत पृष्ठभाग तोच उजेड पाण्यापेक्षा जोरात फेकतो. म्हणजे चतुराला चादर हे तलावाहून भारी तलाव वाटतं, सर. आसपासच्या सगळ्या तळ्यांवरनं ते तिथे येतात, शेपूट टेकवून अंडी घालतात, आणि दुपारपर्यंत ती अंडी भाजून निघतात. तुमचा गणक जन्मलेले मोजत नाही. फसलेले मोजतो."

"शक्यता आहे," खानापूरकर म्हणाले. "पण एका काडेपेटीवर मी चौदा वर्षांची माहिती मोडीत काढू?"

तिनं फुलपाखरांचं विचारलं. ती त्याच गणकावर निम्मी झाली होती. फुलपाखरांना त्या आडव्या उजेडाशी काही देणंघेणं नाही, ती काठच्या ओल्या चिखलावर क्षार शोषायला बसतात, आणि चादरीनं चिखलच झाकला होता. खानापूरकर म्हणाले, फुलपाखरं लहरी असतात, एका वर्षावरून काही बोलू नये. मग ते चष्मा पुसायला लागले. म्हणजे विषय संपला.

तिच्या कानांतून वाफा निघत होत्या. इम्तियाजनं तिला दंडाला धरून गच्चीवर नेलं. "चल, चहा पी. नाहीतर सरांचं डोकं फोडशील आणि पट्टी मला बांधायला लावशील."

गच्चीच्या कठड्याजवळ दुरुस्त झालेला एक पंखगणक उन्हात उभा होता आणि मधूनमधून टिक, टिक करत होता. इम्तियाज वैतागला. हा यांचा जुना रोग, तो सांगायला लागला. दुरुस्तीला आलेला प्रत्येक गणक तपासायला गच्चीवर ठेवला की येड्यासारखा मोजत सुटतो. इथे पाण्याचा थेंब नाही. मग आकडा शून्य करायचा आणि तलावावर परत पाठवायचा. वर्षानुवर्षं हेच चाललंय.

हर्षालीनं चहाचा कप कठड्यावर ठेवला.

गणकाच्या डोक्यावर, त्याला वीज पुरवायला, ताटाएवढी काळी चकचकीत पट्टी होती. त्या पट्टीवर एक पिवळसर चतुर खाली यायचा, शेपटीचं टोक टेकवायचा, वर जायचा, परत यायचा. मागे अजून दोन घिरट्या घालत होते. टिक. टिक.

"हा शून्य करू नको," ती म्हणाली. "नाव टाक याला. गच्ची तलाव, नागपूर."

इम्तियाज हसला, मग हसायचा थांबला. "हर्षाली, पण ही पट्टी तर सगळ्याच..."

"नंतर," ती म्हणाली. "आधी उद्याचं."

दुसऱ्या दिवशी सुनावणी त्याच इमारतीच्या सभागृहात होती. कंपनीकडून केतकी सबनीस आल्या होत्या. शांत बाई, आवाज कधी चढायचा नाही. हर्षालीनं आधी एकदा पत्रानं सुचवलं होतं, चादरीवर पांढऱ्या रेघांची जाळी ओढा, उजेड तुटेल, चतुर फसणार नाहीत. वीज थोडी कमी होते म्हणून नकार आला होता. त्यावर सही ह्यांचीच होती. हर्षालीला बाईंकडे बघवत नव्हतं.

तिनं सुनावणीच्या अध्यक्षांना विनंती केली की चिंचबोडीच्या आधी अजून एका तलावाचा आजचा अहवाल वाचावा. अध्यक्षांनी पडद्यावरचं वाचलं. गच्ची तलाव, नागपूर. चतुर विपुल. प्रत उत्तम.

"हा कुठे आला?"

"तुमच्या डोक्यावर, सर."

सगळे जिने चढून वर गेले. कोरडी फरशी, पाण्याची बंद टाकी, वाळत घातलेली दोन फडकी, आणि मधोमध टिकटिकणारा गणक. पट्टीवर चतुर अंडी घालत होते. हर्षालीनं सगळं सांगितलं, भराभर, दम न घेता. मंजिरीचंही सांगितलं. अध्यक्ष वाकून पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, चिंचबोडीची परवानगी नामंजूर, आणि पसरलेली चादरही महिन्याभरात उचलायची.

इम्तियाजनं तिचा हात दाबला. पण तो हसत नव्हता.

"एक विचारू?" सबनीस म्हणाल्या. "डॉक्टर, ही पट्टी सगळ्या गणकांवर आहे?"

खानापूरकर टाकीच्या कडेला बसले होते. "सगळ्या."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे राज्यातल्या सहाशे तलावांना 'उत्तम' मिळालं ते असंच, पट्टीला फसलेल्या चतुरांवर. त्याच आकड्यावर ते कायद्यानं सुरक्षित आहेत. आकडाच खोटा, तर ते तलाव आता सुरक्षित कशावर?"

हर्षालीच्या पायाखालची फरशी तापलेली होती आणि तिला ते आत्ता जाणवलं. काल इम्तियाज हेच सांगत होता. तिला फक्त एक तलाव दिसत होता.

"काती मोजा," ती म्हणाली. "प्रत्येक तलावावर माणसं पाठवा. खांब नाही, माणसं. किती तलाव जिवंत आहेत ते कळेल."

"किती दिवसांत?"

"एक पूर्ण वर्ष."

"आणि तोपर्यंत?"

खानापूरकर हलक्या आवाजात स्वतःशीच म्हणाले की चौदा वर्षं त्यांना वाटत होतं, तलाव सुधारतायत. अध्यक्षांनी सबनीसांकडे बघितलं, मग हर्षालीकडे.

तेवढ्यात पट्टीवर अजून एक मादी उतरली. शेपूट टेकवलं, उचललं. टिक झालं, आणि अध्यक्षांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढून बघितला आणि हर्षालीपुढे धरला.

गच्ची तलावाची प्रकृती सुधारत आहे.