फितूर साक्षीदार

कोर्ट फीचं तिकीट उडालं ते थेट त्याच्या बाहीवर जाऊन बसलं.

पंखा जोरात होता, तिकिटाची पाठ वर्षाराणीनं नुकतीच ओली केली होती, आणि रांगेत पुढं उभ्या असलेल्या त्या उंच मुलाचा शर्ट पावसानं आधीच भिजलेला. मग काय, बसलं चिकटून! आता परक्या मुलाच्या दंडावरून तिकीट काढायचं तरी कसं? तिनं बोट पुढं केलं... मागं घेतलं... पुन्हा पुढं केलं.

"काढा न," तो म्हणाला, "मी काही कोर्टाचा कागद नाई, फाटत नाई मी—" आणि बोलता बोलता त्यानं मान वळवली. तिला पाहून तो हसता हसता थांबला. का, ते तिला कळेना. कपाळावर आलेले ओले केस त्यानं उगीचच आणखी खाली ओढले.

तिनं तिकीट काढलं. दंड गरम होता, एवढं मात्र तिच्या लक्षात राहिलं.

"अर्ज भरता येते का तुमाले?" त्यानं विचारलं.

"येते म्हणजे! मले काय अडाणी समजले का?"

त्यानं तिच्या अर्जावर नजर टाकली आणि खालचा ओठ दातांखाली धरला. केस नंबराच्या जागी तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं— 'पोळ्याची बादलीवाली केस'.

"हसा, हसा. आमच्या गावात असंच म्हनतात तिले."

"गावात चालते. इथं नंबर लागते, निकालाची तारीख लागते. त्याच्याबिगर फाइल भेटत नाई. नाव सांगा तुमचं."

"काहून?"

"कोर्टाच्या साइटवर नाव टाकलं का नंबर निघते. दुसरं काही मनात नाई माह्या." मग जरा थांबून, "आतापर्यंत तरी..."

वर्षाराणीनं डोळे मोठे केले, पण नाव सांगितलं. गरजच तशी होती. शेलूबाजारच्या रस्त्यावर पहाटे धावून धावून तळव्यांची सालं निघाली, तेव्हा कुठं वनरक्षकाच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. आणि चारित्र्य पडताळणीत घोडं अडलं! पोलीस ठाण्याच्या संगणकात तिच्या नावावर गुन्हा दिसत होता, निकाल काही दिसत नव्हता. निर्दोष सुटल्यावर गावात पेढे वाटले होते, पण निकालाची नक्कल घ्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आता सोमवारच्या आत ती ठाण्यात दिली नाही, तर नोकरी प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती.

गुन्हा तरी काय? पोळ्याच्या तोरणाखाली कोणाची बैलजोडी आधी उभी राहणार, यावरून तिचे बाबा आणि समोरच्या घरचे नानाजी एकमेकांच्या अंगावर धावले. दोन्हीकडची माणसं भिडली. तिनं बादलीभर पाणी फेकलं आणि पाण्यामागं बादलीही हातातून सुटली. ती लागली नानाजींकडं पाहुणा आलेल्या त्यांच्या भाच्याला. त्याचं तोंड काही तिला धड दिसलं नव्हतं. नुसतं पाणी आणि रक्त. नानाजींनी फिर्याद दिली. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद ते आजतागायत.

मुलानं नंबर शोधून दिला, तारीखही दिली. तातडीची नक्कल हवी म्हणून वर कारणासकट लिहायला लावलं, पुढच्या भरतीसाठी एक जास्तीची प्रत मागायलाही सांगितलं.

"लय माहिती हाये तुमाले. वकील व्हय का?"

"बियाण्याचं दुकान हाये. वावराच्या वाटणीची केस चालू हाये आमची, तिनं शिकवलं सारं."

"अन् नाव?"

"नक्कल भेटली का सांगतो."

"हे बरं हाये! माहं नाव पहिलेच काढून घेतलं." ती खोटं खोटं रागावली. खरं सांगायचं तर तिला मजा वाटत होती.

खिडकीशी त्याचा नंबर आला. आपल्या कागदांसोबत त्यानं तिचाही अर्ज आत सरकवला. नकलेचे बाबू चष्म्यावरून पाहत म्हणाले, "हे दुसऱ्याचं काऊन देता? वळखीच्या व्हय का तुमच्या?"

"नाही. मी यांना ओळखत नाही."

वर्षाराणीनं झटकन त्याच्या पाठीकडं पाहिलं.

हेच शब्द. असेच, एकदम शाळेतल्या मराठीत. अशीच ताठ पाठ. त्या दिवशी ती आरोपीच्या पिंजऱ्यात मान खाली घालून उभी होती. जखमी साक्षीदार आला, पाठमोरा उभा राहिला. कानात नुसती धडधड होती, नावसुद्धा ऐकू आलं नाही. सरकारी वकिलांनी विचारलं, बादली मारणारी मुलगी हीच का? त्यानं वळून पाहिलं असावं. तिनं मान वर केली तेव्हा पुन्हा ती पाठच दिसली. "नाही," तो म्हणाला होता, "मी यांना ओळखत नाही." त्या एका वाक्यावर ती सुटली होती. त्यानंतर कित्येकदा अर्धवट झोपेत तिनं तो आवाज ऐकला होता, आणि त्याला चेहरा द्यायचा प्रयत्न केला होता...

आज तो चेहरा तिच्यापुढं होता, आणि बाबूंनी दिलेली पोच तिच्या हातात ठेवत होता. "शुक्रवारी या म्हनते."

तिनं पोच घडी करून पिशवीत ठेवली.

शुक्रवारी बारीक पाऊस होता. तो कोर्टाच्या कडुलिंबाखाली हजर.

"तुमची नक्कल तर त्याच दिवशी भेटली होती न?" तिनं विचारलं.

"एक पान कमी निघालं."

"कोनतं?"

तो गडबडला. "मधलं."

तिनं हसू ओढणीत लपवलं. नक्कल मिळाली. ती पिशवीत घालून, छातीशी धरून, ती त्याच्या मोटारसायकलवर ठाण्यात गेली. तिथल्या अंजनाताई हवालदारांनी पानं उलटली, नोंद घेतली, तिच्या प्रतीवर पोच दिली आणि म्हणाल्या, "झालं. पडताळनीचा अहवाल आजच जाते. जंगल सांभाळजो बाई, आता बादल्या नको फेकू." वर्षाराणी बाहेर आली आणि पायरीवर बसून रडली. किती महिन्यांचं ओझं होतं ते! तो बाजूला रुमाल धरून उभा राहिला.

मग फाट्यावर, जीपची वाट पाहत टिनाच्या छपराखाली उभं असताना, तिनं उरलेली प्रत त्याच्यापुढं धरली. "वाचा. इथून."

त्यानं वाचलं. "जखमी साक्षीदार हरीओम हा फितूर झाला असून... त्याने आरोपीस... ओळखले नाही."

"हरीओम," ती हळूच म्हणाली. नाव कसं लागतं जिभेला, ते तिनं पाहून घेतलं. "खरंच नोयतं ओळखलं?"

त्यानं प्रत मिटून तिला परत दिली.

"तुमाले कवा समजलं?"

"खिडकीपाशी. मी विचारलं त्याचं सांगा."

"ओळखलं होतं," तो म्हणाला. "बादली लागायच्या पहिलेच ओळखलं होतं. सारे एकमेकाच्या उरावर बसले होते, अन् तुमी वरडून राह्यल्या होत्या, 'सोडा रे, बैलं बुजतीन!' मानसाची कोनाले फिकीर... तुमाले बैलाची! मंग कोर्टात वळून पाह्यलं तं तुमी थरथर कापत होत्या. कसं बोट दाखवू? मामानं वर्षभर बोलनं टाकलं माह्याशी. टाकू दे म्हनलं."

तिनं हात उचलला... थांबवला... आणि त्याच्या कपाळावरचे केस बाजूला केले. भुवईच्या वर पांढरी रेघ होती.

"दुखते?"

"आता दुखून राह्यलं," तो म्हणाला, आणि तो काय म्हणतोय ते तिला बरोबर कळलं. तिलाही तसंच होत होतं.

एवढ्यात शेलूबाजारची जीप येऊन थांबली. ती चढली आणि पाहते तर आत गावच्या सोजरबाई! आता जीप घरी पोचायच्या आधी बातमी पोचणार. सोजरबाईंनी बाहेर वाकून पाहिलं.

"कोन व्हय व तो पोट्टा? नानाजीचा भाचा दिसते. ओयखतं का त्याले?"

जीपमधली सगळी तोंडं तिच्याकडं वळली. बाबांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून गेला. एक 'नाही' म्हटलं की विषय मिटत होता. बाहेर हरीओम पावसात तसाच उभा होता. त्यानं ऐकलं होतं. तो नजर खाली घालून वाट पाहत होता, जशी तेव्हा पिंजऱ्यात तिनं पाहिली होती.

"हो काकू," वर्षाराणी म्हणाली, बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "ओळखते. चांगली ओळखते. अन् घरी बाबाले मीच सांगीन."

जीप हलली. तिनं मागं वळून पाहिलं. या खेपेला त्याची पाठ नव्हती.