पाडलेल्या स्टेडियमचा तिसरा मजला

पाडलेल्या स्टेडियमला त्या आठवड्यात तिसरा मजला चढला.

कुरुंदपुरात कुणाला याचं फारसं नवल वाटलं नाही. हनुमान बंदिस्त क्रीडागृह पाडून बरीच वर्षं झाली होती. त्या जागी आता गाड्यांसाठी चारमजली पार्किंग उभं होतं आणि त्याच्या तळमजल्यावर ‘स्मृतिमंडप’ बसवला होता. कपाळाला एक मऊ पट्टी बांधायची, खुर्चीत रेलायचं आणि जुनं स्टेडियम आठवायचं. पट्टी मेंदूतले आठवणींचे ठसे टिपायची. मग यंत्र हजारो माणसांचे ठसे एकमेकांवर ठेवून जुळणी करायचं. पुष्कळांना सारखं आठवतं ते ठळक व्हायचं. एखाद्याच्याच आठवणीत असलेली ती ‘धूळ’, ती झाडून टाकायची. उरलेल्यातून पट्टीवाल्यांच्या डोळ्यांसमोर स्टेडियम पुन्हा उभं राहायचं, घामाच्या आणि तेलाच्या वासासकट.

अडचण एवढीच झाली, की शहाण्णव सालची कबड्डीची फायनल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं आठवणारे लोक तिथल्या बाकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त निघाले. त्यातले काही तेव्हा जन्मलेही नव्हते. यंत्र बिचारं सरळमार्गी, त्यानं सगळ्यांची सोय केली. गॅलरीवर गॅलरी चढली. कॅन्टीनचा बटाटेवडा प्रत्येकाला आपल्या लहानपणच्या तळहाताच्या मापानं आठवत होता, तो नारळाएवढा झाला. मुतारी कुणालाच आठवावीशी वाटली नाही, म्हणून नव्या स्टेडियमला मुतारीच नव्हती. आणि पत्रे गळायचे थांबले, जे काम प्रत्यक्षात लागोपाठच्या तीन नगराध्यक्षांना जमलं नव्हतं.

शालन डुबल या सगळ्याला मनमुराद हसत होती. मंगळवारच्या चहापर्यंत.

तिचा नवरा येसबा मंडपातून परतला तो शाल, नारळ आणि गळ्यात हार अशा थाटात. फायनल खेळलेल्या जयभवानी संघातला तो आता एकटाच मागं उरला होता, तेव्हा बोलावणं येणारच होतं. शालन त्याला पाठवायला तयार नव्हती. पण तो गेला, आणि आता खुर्चीत बसून मांडीवर थाप मारत म्हणाला, “शालन, काय पकड होती गं ती! घोट्यातच घावला गडी. मी सोडतोय होय?”

शालनच्या हातातलं गाळणं कपावर तसंच राहिलं.

“कुठली पकड?”

“फायनलची. शेवटच्या चढाईची. तू होतीस की गॅलरीत!”

होती ना. म्हणूनच तिनं गाळणं खाली ठेवलं. त्या सामन्याचा विषय येसबानं इतक्या वर्षांत एकदाही काढला नव्हता, आणि त्याचं कारण सगळ्या शहराला ठाऊक होतं.

बॅडमिंटनवाल्यांच्या लाकडी मैदानावर ट्रॅक्टरनं लाल माती आणून पसरली होती. समोर मुंबईचा संघ. शेवटची चढाई त्यांची, आणि मैदानात जयभवानीचा एकटा येसबा उरलेला. दोन गुणांची आघाडी होती. चढाईवाला रिकामा परतला तर कुरुंदपूर जिंकणार. त्याचा हात येसबाला लागला तर सगळा संघ बाद, म्हणजे लोण. स्पर्शाचा एक आणि लोणाचे दोन, एका गुणानं हार. चढाईवाला आला, झेपावला, हुकला आणि स्वतःवरच चरफडत परत गेला. पंचांना काही दिसलं नाही. त्या गड्यालाही काही कळलं नाही. तीन हजार माणसं नाचायला उठली. आणि येसबानं हात वर केला.

‘लागला की हात वर,’ हे त्याच्या वस्तादांनी शिकवलेलं. पंचांनी पाहो न पाहो.

बायकांची गॅलरी बरोबर त्या कोपऱ्यावर होती. चढाईवाल्याच्या बोटांनी येसबाच्या पांढऱ्या चड्डीच्या काठावर उमटलेली लाल मातीची बारीक रेघ शालननं तिथून पाहिली होती. त्यानंतर चपलांचा पाऊस पडला. डुबलांच्या घराची कौलं फुटली. पुढं कित्येक वर्षं पोरं त्याला ‘हातवर’ म्हणून चिडवत राहिली. शालननं मात्र घरी जाऊन वडिलांना सांगितलं, करीन तर त्याच्याशीच. वडील म्हणाले, “गावाची अब्रू घालवली त्याच्याशी?” ती म्हणाली, “ज्यानं भर मैदानात गावाला फसवलं नाही, तो घरात मला कशाला फसवेल?”

त्या एका हाताच्या भरवशावर तिनं सगळा संसार केला होता.

“अहो,” ती सावकाश म्हणाली, “पकड कुठली? तुम्ही हात वर केला होता.”

येसबानं तिच्याकडं क्षणभर पाहिलं आणि तो खदाखदा हसला. “मी? फायनलला? अगं, मी काय खुळा आहे काय?”

मग त्यानं चहात साखर कमी असल्याचं सांगितलं.

* * *

मंडपाचं यंत्र सांभाळायला गार्गी पोतनीस नावाची मुलगी होती. शालननं दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला गाठलं.

“माझ्या नवऱ्याची आठवण तुमच्याकडं राहिलीय,” शालन म्हणाली. “ती परत द्या.”

गार्गीनं सगळं ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा पडला. “काकू, आठवण म्हणजे कपाटातली साडी नव्हे, काढली, पाहिली, घडी घालून ठेवली. ती कणकेसारखी असते. आठवलं की ती मऊ होते, मग पुन्हा घट्ट होते. मऊ असताना समोर जे दिसेल त्याचा छाप तिच्यावर उठतो. म्हणून इथं कडक नियम आहे. आधी ठसा द्यायचा, मग स्टेडियम बघायचं.”

“मग ह्यांचं काय झालं?”

गार्गीनं इकडंतिकडं पाहिलं. “काकांचा आधी सत्कार झाला. तोही आतच, यंत्रातल्या मैदानात. तिथं सगळे त्यांना खांद्यावर घेऊन नाचत होते. बहुतेकांना फायनल जिंकल्याचंच आठवतं ना.”

कुरुंदपुरात सत्काराआधी कुठलंही काम करायची पद्धतच नव्हती. इथं बोअरवेलचासुद्धा पाणी लागायच्या आधी सत्कार व्हायचा.

“आणि खेळाडूचा ठसा सगळ्यात वजनदार धरतात,” गार्गी म्हणाली. “काकांचा एकट्याचा खरा ठसा तिन्ही मजल्यांना भारी पडला असता. आता तोच मजल्यांच्या बाजूनं गेलाय. रविवारी स्टेडियम पक्कं होणार. मग त्यात कुणालाच काही बदलता येणार नाही.”

“काहीच उपाय नाही?”

गार्गीनं दार लोटून घेतलं. “एक आहे. डोक्यानं आठवणं वेगळं आणि अंगानं आठवणं वेगळं. सायकल माणूस विसरत नाही ना, तसं. ते मेंदूत फार खोल असतं. तिथपर्यंत सत्कार पोचला नसेल. काकांना तो क्षण पुन्हा मिळाला, तर हात आपोआप वर जाईलही. पण यंत्रात तो स्पर्शच उरलेला नाही. धूळ म्हणून झाडला गेला. ज्याला आठवतो त्यानं शेजारी बसून पुरवावा लागेल.”

“मी पुरवीन.”

“काकू, तेव्हा तुमचीही आठवण मऊ होणार. आणि समोर तीन मजले ओरडत असणार. हात वर नाही गेला, तर तुम्ही दोघंही जिंकलेली फायनल घेऊन घरी जाल.” ती अडखळली. “आणि तुम्हाला त्याचं वाईटसुद्धा वाटणार नाही.”

एवढ्यात स्मृती समितीचे अध्यक्ष नंदकुमार शेटे आत आले. चप्पल फेकणाऱ्यांत त्यांचा नेम सगळ्यात चांगला होता. आता मात्र पार्किंगच्या दारात येसबाचा पकडीतला पुतळा बसवायचं त्यांच्या मनात होतं.

“वहिनी, कशाला उकरून काढताय?” विषय कळल्यावर ते म्हणाले. “गावानं माफ केलंय त्याला.”

“माफ नाही केलं. विसरलंय.”

“गावाच्या पातळीवर दोन्ही एकच. आणि खरं सांगू? या शहरानं आजवर काय जिंकलंय? हा एक विजय आहे, तोही तुम्ही नेताय.” मग त्यांना काहीतरी सुचलं. “पण रविवारी जोडीनं बसा, जरूर बसा. जोडीचा सत्कार राहिलाच होता.”

रविवारपर्यंत शालन नुसती येसबाकडं बघत होती. तो सकाळी गुणगुणत दाढी करायचा. शेट्यांच्या दुकानावरून मान वर करून जायचा. भाजीवाला त्याला कोथिंबीर फुकट देऊ लागला होता. इतका सुखी तो तिनं कधी पाहिला नव्हता. या सुखातून त्याला बाहेर ओढणारी आपण कोण, हा प्रश्न पोळी लाटताना, कपडे वाळत घालताना तिच्या मागंमागं फिरत राहिला. मग शनिवारी किराणा पोचवायला आलेला वाणी चुकून जास्तीचे सुटे पैसे देऊन गेला, आणि येसबा म्हणाला, “असू दे. त्याला कुठं कळलंय?”

शालननं पैसे परत नेऊन दिले. आणि ठरवलं.

* * *

रविवारी दुपारी मंडप खचाखच भरला होता. प्रत्येकाच्या कपाळाला पट्टी. गार्गीनं दोघांच्या खुर्च्या एकमेकींना जोडल्या. पट्टी बांधताना ती शालनच्या कानाशी म्हणाली, “तुमची अशी एखादी खूण धरून ठेवा. दुसऱ्या कुणाकडं नसेल अशी.”

“तुला पकड बघायचीय ना?” येसबा खुशीत म्हणाला. “बघ आता.”

अंधार झाला आणि स्टेडियम उभं राहिलं. तिन्ही मजले गच्च भरलेले. दिवे लखलखीत, पत्रे चकचकीत. बायकांची गॅलरी कुठाय म्हणून शालननं वळून पाहिलं, तर तिथं नुसत्या साड्यांची रांग होती, वर चेहरेच नाहीत. एवढ्या हजारो लोकांना तिथं बायका होत्या हे आठवलंच नव्हतं. शालन त्या रांगेत जाऊन बसली. बाकाचा वर आलेला खिळा तिनं आठवला, तो मांडीला टोचला. शेजारच्या हौसाकाकूंची तपकिरीची डबी आठवली, आणि एका साडीला नाक आलं.

खाली मैदानात तरुण येसबा एकटा उभा होता. चढाईवाला रेषा ओलांडून आला. “कबड्डी, कबड्डी, कबड्डी...”

आरोळी उठली ती छातीवर आदळली. ‘ये-स-बा! ये-स-बा!’ शालनला वाटलं होतं हे खोटं वाटेल. पण ते गोड होतं. इतकं गोड, की तिचे तळवे टाळीसाठी जवळ आले. त्या दिवशी आपण टाळ्या वाजवल्या होत्या, हे तिला आठवलं. अगदी स्पष्ट. आणि त्याच क्षणी ती घाबरली, कारण तिनं त्या वाजवल्या नव्हत्या. की वाजवल्या होत्या? येसबाचा कोणता हात वर गेला होता? डावा? काल माहीत होतं. आज सकाळीसुद्धा माहीत होतं.

खूण. लाल मातीची रेघ. पांढरा काठ. ती तेवढंच धरून बसली. चेहरे सुटले, आवाज सुटले, स्वतःचं वयही सुटलं. ती रेघ तिनं सोडली नाही.

चढाईवाला झेपावला. सगळ्यांच्या आठवणीत इथं येसबा त्याचा घोटा पकडायचा. तो खाली वाकलाही. पण त्याआधी चढाईवाल्याची बोटं सरकत गेली आणि पांढऱ्या काठावर एक लाल रेघ उमटली.

अवघं स्टेडियम अडखळलं. घोटा येसबाच्या पंजात अर्धा होता, अर्धा नव्हता. वरचा मजला ओरडत राहिला. जवळच्या खुर्चीतून शेट्यांचा आवाज आला, “धर, येसबा! धर!”

शालनच्या हाताला काहीतरी घासून गेलं. मैदानातलं नव्हे, खरं. शेजारच्या खुर्चीवरून म्हातारा, शिरा उठलेला हात वर जात होता. सावकाश, जणू कुणी दुसराच तो उचलत होता. येसबाच्या तोंडावर अजून जिंकल्याचं हसू होतं. त्याला स्वतःलाच हात कुठं चाललाय ते कळत नव्हतं. मैदानातल्या तरुण येसबानं तो वर गेलेला हात पाहिला, घोटा सोडला आणि आपलाही हात वर केला.

तिसरा मजला विझला. ज्यांनी सामना पाहिलाच नव्हता ते सगळे तिथून एकदम नाहीसे झाले. दुसरा मजला गेला. आरोळी थांबली, आणि त्या शांततेत वरून पाण्याचा एक थेंब शालनच्या मानेवर पडला. पत्रे गळायला लागले होते.

“तांत्रिक बिघाड आहे!” शेटे ओरडले. मग त्यांनी खाली पाहिलं आणि एक पाय हळूच मागं घेतला. त्यांच्या आठवणीतल्या उजव्या पायात चप्पल नव्हती.

दिवे लागले. गार्गीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं यंत्राकडं बघून मान हलवली. ठसा पक्का झाला होता.

लोकांनी वाट करून दिली. त्या वाटेनं दोघं बाहेर आले. पार्किंगच्या उताराशी येसबा थांबला. हार त्याच्या हातात होता, तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना.

“शालन,” तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, “तू होतीस ना तिथं? खरं सांग. तेव्हापण मी हात वर केला होता?”

शालननं आठवलं. वर गेलेला हात दिसला. आणि माणसांच्या खांद्यावर नाचणारा येसबाही दिसला. दोन्ही सारखेच उजळ, दोन्ही तिच्या डोळ्यांसमोर घडलेले. रेघ तेवढी होती, लाल, बारीक. पण ती कुठल्या दिवसाची, त्या की आजच्या, हे तिला काही केल्या सांगता येईना.

तिनं त्याच्या हातातला हार काढून घेतला. मग तोच हात आपल्या हातात घट्ट धरला.

“आज केलात की नाही?”