पाचव्यांदा ‘आ’ करा

ती दुकानांतले वजनकाटे तपासायची. तपासताना पेनचं टोपण चावायची खोड. त्या दिवशी किराणावाल्याच्या काट्यात चाळीस ग्रॅमची लबाडी सापडली आणि आनंदाच्या भरात तिनं टोपण असं करकचून चावलं की दाढेचाच टवका उडाला. नशीब, शेजारीच दातांचा दवाखाना होता.

डॉक्टर तरुण. मास्कच्या वर नुसते डोळे... पण काय डोळे!

“पेन खाता?”

“चावते.”

“मग ठीक. खाल्लं असतं तर पोटाच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं.”

दाढ दोन खेपांत भरली. तरी त्यानं तिसऱ्यांदा बोलावलं — हिरड्या बघायला. चौथ्यांदा — ब्रश कसा धरता ते बघायला. पाचव्यांदा नुसतंच बघायला! इवलासा आरसा तिच्या तोंडात आणि त्याची नजर... दातांवर नव्हती.

तिच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस बनवतोय. दुसऱ्या मापानं पडताळायला हवं. गुपचूप तिनं शहराच्या दुसऱ्या टोकाची एक नावाजलेली, वयस्क डॉक्टरीणबाई गाठली.

“छान आहेत की दात! दोन वेळा ब्रश, सहा महिन्यांनी तपासणी, बास. दर आठवड्याला कोण बोलावतं तुला?”

तिनं त्या डॉक्टरचं कार्ड पुढे केलं. बाईंनी ते वाचलं आणि तडक फोन लावला.

“गाढवा, आत्ताच्या आत्ता इकडे ये!”

“तुम्ही ओळखता त्यांना?”

“जन्म दिलाय.”

वीस मिनिटांत तो धापा टाकत आला, ॲप्रनसकट. तिला पाहून दारातच थिजला.

“दोन खेपा दाढेसाठी. उरलेल्या तीन कशासाठी रे?” आई कडाडली. “लोक आधीच घाबरत येतात आपल्याकडे. विश्वास उडाला की दुखेपर्यंत फिरकत नाहीत, आणि मग दात वाचत नाही!”

“चुकलं.” तो तिच्याकडे वळला. “दात ठीक होते. मला तुम्ही... आवडलात. ते सांगायचं धाडस होईना.”

“ही लबाडी आहे.” तिचे कान मात्र तापले होते.

“आहे.”

आजवर एकाही दुकानदारानं इतकं सरळ कबूल केलं नव्हतं.

“आजपासून ही माझी पेशंट,” आईनं निकाल दिला. “तू हिच्या दातांना हात लावायचा नाहीस.”

“चालेल!” तो एवढा खुलला की तिला पुन्हा संशय आला.

“खूश का झालात?”

“आता पेशंट नाही म्हटल्यावर... उद्या संध्याकाळी फिरायला याल?”

तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. बराच वेळ. खोट काही सापडेना.

“सहाला,” ती म्हणाली. “आणि उशीर झाला, तर कारण लेखी लागेल.”