कॉलरीवरचा नारिंगी डाग

"डॉक्टरांनी तुमचा नंबर दिला, मॅडम. लगेच या हो, नाहीतर माझं पोर जाईल माझ्या हातून!" फोनवर एका मुलीची मावशी रडत होती.

औषध निरीक्षक बाई तडक इस्पितळात पोचल्या. सात वर्षांच्या मुलीचा चेहरा आणि मान फोडांनी भरली होती. तिला जन्मापासूनच ऊन सोसत नसे. आई गेल्यापासून मावशीच तिचं सगळं करायची. उन्हाची क्रीम चोपडल्याशिवाय दाराबाहेर सोडायची नाही. एरवी बसने शाळेत आणि बसने घरी. काल मात्र मैदानावर कवायत होती.

"लावलीच नाही हिनं!" बाप कडाडला. "आजच बॅग उचल. पोरीचं तोंडसुद्धा दिसणार नाही तुला."

"लावली होती भाऊजी, शपथ घेते!"

"बनवणाऱ्यांचीही चूक असू शकते. बाटली कुठाय?" बाईंनी विचारलं.

"फेकली रागाच्या भरात," बाप म्हणाला. "मेली रसायनं! रक्तात उतरतात ती."

"नवी होती?"

"छे, निम्मी संपलेली. दोन महिने तीच चालू होती," मावशी म्हणाली.

बाईंनी कालचा गणवेश हातात घेतला. कॉलर तेलकट होती. मग तो गणवेश सोबत घेऊन त्या दोघांसह घरी गेल्या. दारात मावशीची भरलेली बॅग, मागे दोरीवर जुना गणवेश. त्याच्या कॉलरीवर नारिंगी डाग.

"हे कसले?"

"घासून हात मोडले, जात नाहीत. हा कालचा नवा गणवेश पंधरा दिवसांपूर्वी घेतला, तेव्हापासून मात्र एक डाग नाही. म्हटलं, साबण लागू पडला."

"पाणी?"

"तेच, बोअरचं. बघा ना, बादलीसुद्धा तांबडी झालीय."

बाईंनी पर्समधली आपली उन्हाची क्रीम नव्या गणवेशाच्या बाहीला फासली. बाही आणि कॉलर त्याच पाण्यात साबणाने धुतली आणि वाळत टाकली. वाळता वाळता बाही नारिंगी झाली. कॉलर पांढरीच राहिली.

"उन्हातले घातक किरण शोषून त्यांची नुसती ऊब करणारा एक घटक या क्रीममध्ये असतो. पाण्यातल्या लोहाशी गाठ पडली की त्याचा असा डाग पडतो. काल कॉलर तेलकट होती, म्हणजे मावशीनं काहीतरी लावलं होतं. डाग नाही, म्हणजे त्यात तो घटक नव्हता. याच बाटलीनं आधी डाग पडत होते, तेव्हा बनवणारेही सुटले. आतली क्रीम घरात बदलली. घरात मोठी माणसं दोन. त्यातल्या एकानं बाटली फेकली."

बापाने कबुली दिली.

"हिच्या आईला रक्ताच्या आजारानं नेलं. त्यातच कुठेतरी वाचलं, या क्रीममधलं रसायन रक्तात सापडतं... साधी कोल्ड क्रीम भरली मी. कवायतीचं मला कुठे ठाऊक होतं!"

"थोडं उतरतं रक्तात, खरंय. अभ्यास चालू आहे, अपाय सिद्ध झालेला नाही. पण ऊन पोरीला काय करतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. डॉक्टरांना विचारायचं होतंत. आणि वर दोष मावशीच्या माथी मारलात."

फोन वाजला. मुलगी जागी झाली होती, मावशीला हाका मारत होती.

बापाने दारातली बॅग उचलली आणि मुकाट्याने आत नेऊन ठेवली.

"चला भाऊजी," मावशी डोळे पुसत म्हणाली. "पण क्रीम कुणी बदलली, ते तिला सांगायचं तुम्ही. मी नाही सांगणार."