चासी नंबरचा ठसा

त्या संध्याकाळी वीणाने माझ्या हातात चहाचा थर्मास दिला आणि म्हणाली, "बाबा, एवढा गराजमध्ये नेऊन द्या ना. मी गेले की तो बोलतच नाही. तुम्ही गेलात तर निदान चहा तरी घेईल."

वीणा माझी सून. 'तो' म्हणजे नकुल, माझा मुलगा. डिसेंबर होता. पाच वाजायचे होते, पण मिशिगनचा हिवाळ्यातला सूर्य सरकारी कर्मचाऱ्यासारखा असतो. उशिरा येतो आणि साडेचारलाच आवराआवर करतो. बाहेर अंधार होता आणि बर्फ पडत होतं. तेव्हा ही काही मध्यरात्रीची गोष्ट नाही, दिवेलागणीची आहे. भुतांच्या वेळापत्रकाचा माझा अभ्यास नाही. झालं ते सांगतो.

आधी माझी ओळख. एका जिल्ह्याच्या आरटीओ कार्यालयात मी एकतीस वर्षं कारकून होतो. जिल्ह्याचं नाव सांगत नाही, तिथले काही पेन्शनर अजून मला दिवाळीला फोन करतात. माझं काम चासी नंबरांचं. गाडीच्या पत्र्यावर तिचा नंबर ठोकलेला असतो. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासायची, म्हणजे नंबर कागदावर उमटतो. तो ठसा फॉर्मला चिकटवायचा. नियमाप्रमाणे आम्ही खाली आवारात जाऊन ठसा आणि गाडी ताडून पाहायची. प्रत्यक्षात एजंट ठसा घेऊन टेबलापाशी यायचा, मी भिंगातून बघायचो आणि 'ठीक' असं लिहायचो. आवारात ऊन फार असे. कुठल्या ठशाखाली खरोखर कुठली गाडी उभी होती, हे देव जाणे. देवही बहुधा खाली गेला नसावा.

बायको गेल्यावर नकुलने मला इथे नोव्हायला आणलं. या गावात निम्मे लोक गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांत, आणि उरलेले त्यांची मुलं क्लासला सोडायला गाड्या चालवतात. नकुलला मात्र गाडीचं वेड लहानपणापासूनचं. दोन वर्षांपूर्वी तो आणि त्याचा मित्र ऋषी जपानला गेले, फक्त गाडी चालवायला. देवळं नाहीत, बागा नाहीत. जुनी पांढरी स्पोर्ट्‌स कार भाड्याने घ्यायची आणि दहा दिवस घाटांतून हिंडायचं. ऋषी नागपूरचा, एकटा जीव. मला 'काका' म्हणायचा, आणि आरटीओचा म्हणून दाराशी आला की सलाम ठोकायचा. सिगारेट सोडल्यापासून तोंडात सतत लवंग.

सातव्या दिवशी एका घाटात उतरताना गाडी डाव्या बाजूने कठड्यावर आदळली. जपानात आपल्यासारखंच स्टिअरिंग उजवीकडे असतं. नकुल चालवत होता. ऋषी डावीकडे होता. नकुलला ओरखडाही नाही.

नकुल एकटाच परत आला तेव्हा त्याचे कागद मीच फाइलला लावले. सगळे जपानी. मला वाचता येणारी एकच गोष्ट होती, भाड्याच्या गाडीचा चासी नंबर. शेवटचे चार आकडे ४४७१. माणसांची नावं मी विसरतो, नंबर विसरत नाही.

यंदा सप्टेंबरात नकुलने जपानहून एक गाडी मागवली. तेच मॉडेल, तोच पांढरा रंग. पंचवीस वर्षांहून जुनी, म्हणून इथे आणायला परवानगी. डावं दार चेपलेलं, डावी सीट फाटलेली. वीणा दोन दिवस जेवली नाही. नकुल म्हणाला, "तसल्या हजारो गाड्या असतात. ही दुसरी आहे." मग माझ्या खोलीत येऊन त्याने एक कागद पुढे केला. त्यावर पेन्सिलीचा ठसा, शेवटचे आकडे २०९३.

"बाबा, तुम्ही एक्स्पर्ट. ही जेन्युइन आहे ना, बघा."

मी दिव्याखाली धरला, गाडीच्या कागदाशी ताडला. अक्षरांतलं अंतर बरोबर, आकड्यांच्या कडा स्वच्छ. "ठीक आहे," म्हणालो. नकुल थोडा वेळ दारातच उभा राहिला. मला वाटलं, आभार मानायचे असतील. मी पुस्तक पुन्हा उघडलं. गराज माझ्या खोलीपासून जिना उतरून तीस पावलांवर आहे. पण गुडघे दुखत होते.

तेव्हापासून नकुल ऑफिसातून आला की गराजमध्ये. वीणाची गाडी बाहेर बर्फात. गाडी सुरू केली की तिच्यातल्या यंत्रातून एक जपानी बाई गोड आवाजात काहीतरी म्हणे. अनिकाने, म्हणजे माझ्या तेरा वर्षांच्या नातीने, फोनवर त्याचा अर्थ काढला: टोलचं कार्ड घातलेलं नाही. "शी इज सो पोलाइट, आजोबा," अनिका म्हणाली. मी म्हटलं, आमच्या ऑफिसात हिला एका आठवड्यात बिघडवली असती. नकुल हसला नाही. त्याचे गाल आत गेले होते. ब्लेझर घालून मुलीच्या शाळेत जाणारा माणूस आता आठवडा आठवडा तेलकट कपड्यांत असे. वीणा मला म्हणाली होती, "बाबा, तो गाडी दुरुस्त नाही करत. गाडी त्याला उकलतेय."

तर थर्मास घेऊन मी गेलो.

गराजमध्ये थंडी होती. गाडी लोखंडी टेकूंवर उचललेली, खाली हातदिवा. तेलाचा वास, जळक्या रबराचा वास. गाडीखालून पाना फिरवल्याचा आवाज येत होता, कट्... कट्... मी म्हटलं, "नकुल, चहा." पाना फिरतच राहिला. स्टुलावर बसलो. थोड्या वेळाने डाव्या बाजूने हात बाहेर आला. तेलाने काळा, तळवा वर.

"बारा नंबर..." आवाज खालून आला, दबलेला.

भिंतीवर पाने ओळीने टांगलेले असतात. मी बारा नंबरचा काढून त्या हातावर ठेवला. हात थंड होता, पण गराजमध्ये सगळंच थंड होतं.

"थँक्यू काका."

हात आत गेला. कट्... कट्... आणि मग मला वास आला. लवंगेचा.

मी बसून राहिलो. एकतीस वर्षं खुर्चीत काढलेल्या माणसाला संकटात सुचतं तेच मला सुचलं, म्हणजे काही नाही. तेवढ्यात गराजचं मोठं दार घरघरत वर गेलं आणि खांद्यावर बर्फ, हातात पार्ट्‌सच्या दुकानाची पिशवी, असा नकुल बाहेरून आत आला.

पान्याचा आवाज थांबला.

नकुलने माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीकडे. त्याला आश्चर्य वाटलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"बारा नंबर मागितला का?" त्याने विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे डावीकडचं झालं त्याचं."

मी वाकून गाडीखाली पाहिलं. हातदिवा जळत होता. खाली कोणी नव्हतं. पानाही नव्हता.

खिशात पेन्सिल ठेवायची माझी सवय अजून आहे. पातळ कागदासाठी मी अनिकाचा चित्रं गिरवायचा कागद आणला. "बॉनेट उघड," म्हणालो. नकुलने काही न विचारता उघडलं. इंजिनामागच्या पत्र्यावर नंबर ठोकलेला होता. कागद ठेवला, पेन्सिल आडवी धरली आणि घासू लागलो. आयुष्यात बहुधा सहाव्यांदा मी स्वतःच्या हाताने ठसा घेत होतो. आकडे स्वच्छ उमटले.

चार. चार. सात. एक.

"सप्टेंबरात मला दाखवलास तो कुठला?"

"विकणाऱ्याने पाठवला होता. दुसऱ्या गाडीचा. कागद पण तिचेच." तो बॉनेटच्या कडेवर बोट फिरवत होता. "भंगारात पडली होती ही, बाबा. मी शोधून काढली."

"मग मला कशाला दाखवलास? मी बाप होतो म्हणून फसवणं सोपं?"

बाहेर बर्फ साफ करणारी गाडी गेली, तिचा पिवळा दिवा भिंतीवरून फिरून गेला.

"मला वाटलं, तुम्ही खाली याल," तो म्हणाला. "येऊन बघाल, आणि म्हणाल, हे खोटं आहे, परत पाठव. मी पाठवली असती. खरंच. कुणीतरी सांगायला हवं होतं... मी दारात उभा होतो ना तेव्हा."

आवारात ऊन फार असतं, हे उत्तर इथे चालणार नव्हतं.

"आता सांगतो," मी म्हणालो. "आता पाठव."

"आता तो आत बसलाय, बाबा."

दोघंही गाडीच्या डाव्या काचेकडे पाहायचं टाळत होतो.

"त्याला काय हवंय?"

"घाट उतरायचा राहिलाय. आम्ही अर्ध्यावर होतो."

"नकुल, मिशिगनात घाट कुठे? इथे टेकडी म्हणून कचऱ्याचा ढीग दाखवतात."

"तो दाखवेल," नकुल म्हणाला, आणि थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. एक कप त्याने गाडीच्या टपावर ठेवला, डाव्या बाजूला. मला दिला नाही.

रात्रभर मी वीणाला काय सांगावं याचा मसुदा करत होतो. मसुदे मला चांगले जमतात. सकाळी तिला फक्त एवढंच सांगितलं की गाडीची किल्ली लपव, आज त्याला चालवू देऊ नकोस. तिने कारण विचारलं नाही. किल्ली तांदळाच्या डब्यात खोल खुपसली. नकुल रात्रीपासून गराजमध्येच होता; मी आतल्या दाराशी खुर्ची टाकून बसलो. या खेपेला गुडघ्यांचं ऐकलं नाही.

दुपारी साडेचारला दारापलीकडे इंजिन सुरू झालं.

मी दार ढकललं. ते आतून लावलेलं होतं. कान लावला. एरवी इंजिन सुरू झालं की ती जपानी बाई कार्ड नसल्याचं सांगे. त्या दिवशी ती गप्प होती. गाडीची दोन्ही दारं लागल्याचा आवाज आला. आधी एक, मग दुसरं. मी "नकुल, नकुल" करत दारावर थापा मारत राहिलो. मोठं दार घरघरत वर गेलं. मी घराच्या पुढच्या बाजूने चपला घालून पळालो तोवर रस्त्यावर चाकांच्या दोन रेषा होत्या आणि त्या बर्फाने भरत चालल्या होत्या.

वीणा स्वयंपाकघरात तांदूळ जमिनीवर ओतून उभी होती. किल्ली तांदळातच होती. दुसरी असेल. असेलच. जुन्या गाड्यांना दोन असतात.

दहा मिनिटांनी अनिका मैत्रिणीकडून चालत आली. बूट झटकत म्हणाली, "आजोबा, डॅड मॅड आहे का माझ्यावर? मी कॉर्नरला होते. ही डिडन्ट इव्हन लुक अॅट मी."

"गाडी जोरात होती, बाळा."

"नो, इट वॉज सो स्लो. आणि जो ड्राइव्ह करत होता ना, त्याने मला वेव्ह केलं." तिने हात कपाळाशी नेऊन दाखवला, सलामासारखा. "त्याचा फेस नीट दिसला नाही, स्नो होता. हू इज ही?"

या देशात जन्मलेल्या मुलीच्या डोळ्यांना चालवणारा डावीकडेच दिसतो. तिला मी सांगितलं नाही की त्या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे आहे. अनिकाचं बोलणं वीणाने ऐकलं होतं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तांदूळ एकेक वेचू लागली.

आता सात आठवडे झाले. पोलीस आले, सभ्य माणसं. गाडीची खूण विचारली, तेव्हा मी माझा ठसा दिला. तो नंबर जपानला विचारून झाला. उत्तर आलं की या नंबरची गाडी गेल्या मार्चमध्येच यंत्रात दाबून लोखंड म्हणून निकालात काढली. म्हणजे कागदोपत्री अशी गाडी नाही. ती आमच्या गराजमध्ये तीन महिने होती, यालाही कागद नाही. जी गाडी नाही तिच्यातून गेलेल्या माणसाला शोधायचं कुठे, हे त्यांच्यातल्या तरुण अधिकाऱ्याला मला विचारायचं होतं, पण त्याने विचारलं नाही, फाइलवर शेरा मारला. माझ्या नोकरीत मी असे शेरे शेकड्यांनी मारले आहेत.

वीणा अनिकाला घेऊन दुसऱ्या राज्यात, चँडलरला बहिणीकडे गेली. मला चला म्हणाली. मी नाही गेलो. कुणीतरी इथे असायला हवं, आणि एकदा गराजपर्यंत न जाऊन काय झालं ते मी पाहिलं आहे.

मी रोज पाचला जिना उतरून गराजमध्ये जातो. तीस पावलं. दोन कप चहा नेतो, स्टुलावर बसतो. गाडी होती तिथे आता नुसतं सिमेंट आहे, गुळगुळीत, तेलाचा एक डाग सोडला तर काही नाही. बोट फिरवलं तर काही लागत नाही. परवा काय वाटलं कोण जाणे, गुडघे टेकून मी त्या सिमेंटवर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल घासली.

चार. चार. सात. एक.

कागद उचलला. गराजमध्ये पाणी गोठेल इतकी थंडी होती, तरी तो खालच्या बाजूने कोमट होता, नुकत्याच घाट उतरून आलेल्या गाडीच्या बॉनेटसारखा. ठशाखाली मी सवयीने तारीख घातली. 'ठीक' मात्र लिहिलं नाही. भिंतीकडे पाहिलं, तर बारा नंबरचा पाना खुंटीवर परत आला होता, आणि शेजारची, दहा नंबरची खुंटी रिकामी होती.